वहीतला दुसरा रकाना

धान्यबाजारात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. बाजारात आणखी चार मापाडी होते, पण त्यांना ‘दुसऱ्या फाटकावरचा’, ‘उंच’, ‘नवा’ अशी काही ना काही शेपटी जोडावी लागे. याला नुसते मापाडी म्हटले की पुरे. अडतीस वर्षे तो त्या मोठ्या लोखंडी काट्याशेजारी उभा राहिला. पोते चढायचे, दांडी हलायची, थरथरायची, हळूहळू शांत व्हायची आणि मगच त्याचे तोंड उघडायचे. दांडी थरथरत असताना त्याच्याकडून आकडा काढून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

“अहो, बोला की! बाहेर गाडी उभी आहे,” असे कोणी घाईने म्हटले की तो म्हणे, “गाडी उभी असेल. दांडी अजून उभी नाही.”

मापाड्याच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. दुसरा, मालाला हात लावायचा नाही. माल ओला की सुका, किडका की ठणठणीत, हे बघायचे काम पारख्याचे. पारख्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाले, मूठभर दाणे बाहेर काढी, एक दाणा दाताखाली फोडी आणि काय ते सांगे. मापाड्याने तेवढा वेळ दुसरीकडे बघायचे. त्याचा हात पोत्याला लागला की आकड्यावर संशय आला, आणि आकड्यावर संशय आला की मापाडी संपला. म्हणून तो दिवसभर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा असे. ती सवय अंगात इतकी मुरली की घरीही हात पाठीमागेच.

“लग्नाच्या फोटोतसुद्धा हात मागे!” त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. “माझ्या मावशीला वाटलं, मुलाला हातच नाहीत. रडायला लागली बिचारी.”

बायको अशी होती. हसायला लागली की भिंतीपलीकडच्या घरात कळायचे. शाळेच्या मुलांचे स्वेटर विणून देण्याचे काम ती घरी करी. सुया चालू, तोंड चालू, चुलीवर काही शिजत असेल तर त्याच्याकडेही लक्ष. नवरा जितका सावकाश, तितकी ही भरभर. रस्त्याने दोघे निघाले की ती वीस पावले पुढे जाऊन थांबायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायची, “या, सावकाश या. मी म्हातारी होईपर्यंत पोचा म्हणजे झालं.”

तीच पुढे मागे पडू लागली. तो कामातून निवृत्त झाला त्याच वर्षी हे सुरू झाले. आधी चढणीवर थांबायची आणि म्हणायची, चपलेत खडा गेला. मग सपाट रस्त्यावरही खडे जायला लागले. मग एक दिवस पाणी भरताना ती घडवंचीवर बसली आणि तिला श्वासच पुरेना. इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी हाताची मूठ उघडमीट करून त्याला समजावले, “हृदय म्हणजे पंप. यांचा पंप बंद नाही पडलेला, पण ढिला झालाय. जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं तेवढं ढकलत नाही. मग मागे पाणी तुंबतं. पायात, पोटात, फुप्फुसात. हे दुखणं पुसून टाकता येत नाही, पण सांभाळता येतं.”

सांभाळणे सोपे नव्हते. एका वर्षात तीन वेळा तिला दाखल करावे लागले. तिसऱ्या वेळी घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावले. व्हरांड्यात एक तुटक्या पाठीचा बाक होता, तिथे ते स्वतः त्याच्या शेजारी बसले. मोठा डॉक्टर शेजारी येऊन बसला याचीच मापाड्याला धास्ती वाटली.

“हे बघा,” ते म्हणाले, “इथे आल्या की आम्ही पाणी काढतो, त्या बऱ्या होऊन घरी जातात. पण प्रत्येक खेपेला थोड्या कमी होऊन जातात. पहिल्यासारख्या होत नाहीत. चौथी खेप येऊ देऊ नका. ती टाळलीत तर अजून बरीच वर्षं आहेत त्यांच्याजवळ.”

“आणि आली तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “येऊ देऊ नका,” एवढेच परत म्हणाले.

इस्पितळाच्या बोळाच्या टोकाला एक लहान खोली होती. हृदयाच्या जुन्या दुखण्याची माणसे तिथे महिन्यातून एकदा यायची. तिथल्या सिस्टर चाळिशीच्या, आवाज खणखणीत, बोलण्यात साखर नाही. त्यांनी मापाड्याच्या हाती एक वही दिली. प्रत्येक पानावर उभ्या रेघा, तारीख आणि दोन रकाने.

“काका, पहिला रकाना वजनाचा. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. कपडे रोज तेवढेच. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर समजायचं, ते अंग नव्हे, पाणी आहे. लगेच मला फोन करायचा. मी पाण्याच्या गोळीचं सांगेन. वेळेत सांगितलंत तर घरच्या घरी भागतं. उशीर केलात तर इथे यावं लागतं.”

“आणि दुसरा रकाना?”

“सुजेचा.” सिस्टर खाली उकिडव्या बसल्या, मापाडीणबाईंच्या नडगीवर अंगठा ठेवला, दाबून मनात पाच मोजले आणि उचलला. “खड्डा पडला आणि तसाच राहिला तर सूज आहे. नाही पडला तर नाही. ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं. यांना वाकवत नाही, तेव्हा तुम्हीच बघायचं.”

मापाड्याने मान डोलावली. पण त्याचे मन पहिल्या रकान्यातच अडकले होते. अडतीस वर्षे लोकांची पोती तोलली आणि देवाने म्हातारपणी हाताला काम दिले ते हेच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटले, आपल्याला जे येते त्याचा हिला उपयोग आहे.

मुलगी बसने तीन तासांवरच्या गावात शाळेत शिकवत होती. ती आली आणि म्हणाली, “बाबा, आईला मी घेऊन जाते. माझ्या घरापासून दवाखाना चार पावलांवर आहे.”

“तुझ्या घरी काटा आहे?”

“विकत आणता येतो, बाबा.”

“विकतचा!” तो असा काही बोलला की जणू मुलीने आईला विकतचा नवरा आणते म्हटले. “तो स्प्रिंगवाला? आज एक सांगतो, उद्या दुसरं. इथेच राहू दे तिला. मी आहे.”

“बाबा, जबाबदारी आहे ही.”

“मी आयुष्यभर दुसरं काय केलं?”

मुलीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “राहू दे गं. मला इथंच बरं. तुझे बाबा मला पोत्यासारखं तोलणार, तर तोलू देत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे इतकं निरखून बघतायत.”

बाजारातला एक जुना, दांडीचा काटा मोडीत निघाला होता. तो त्याने मागून आणला. दोन दिवस घासला, पुसला, सांध्यात तेल घातले, मागच्या खोलीत फरशी जिथे सगळ्यात सपाट होती तिथे बसवला आणि खऱ्या वजनांनी तपासला. पन्नास ग्रॅमचा फरक दाखवी असा चोख. पहिल्या सकाळी ती काट्यावर चढली, तो बाजूला हात पाठीमागे बांधून उभा राहिला, दांडी थरथरली, शांत झाली.

“बावन्न किलो चारशे,” तो म्हणाला. घरातल्या नव्हे, बाजारातल्या आवाजात म्हणाला.

“गिऱ्हाईक कोण आहे?” तिने विचारले आणि खूप दिवसांनी जुने हसू हसली.

मग त्याने वाकून नडगी बघायची होती. त्याला ते जमेना. लाज नव्हती ती. चाळीस वर्षांच्या संसारात लाज कसली? पण काट्यावर उभ्या असलेल्या गोष्टीला हात लावायचा म्हणजे हातच पुढे येईना. तो म्हणाला, “तूच बघ गं दाबून. खड्डा पडतोय का सांग.” तिने खुर्चीवर बसून, कसेबसे वाकून बोट लावले. “नाही पडत,” ती म्हणाली. त्याने लिहिले, ‘नाही’. ऐकून लिहिले. त्या वेळी त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. वजन हीच खरी गोष्ट, दुसरा रकाना म्हणजे सरकारी कागदावरचे असते तसे काहीतरी, असे त्याने धरून टाकले.

आणि खरे सांगायचे तर त्याच्या कामाला यश आले. जेवणातले मीठ त्याने स्वतःच्याही ताटातून काढले. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. दिवसभराचे पाणी एका बाटलीत भरून ठेवी आणि तिने घोट घेतला की बाटलीकडे बघे. दुसऱ्या महिन्यात तीन दिवसांत दोन किलो दोनशे वाढले. त्याने सातच्या ठोक्याला फोन लावला, सिस्टरनी गोळी वाढवली, चौथ्या दिवशी काटा परत जागेवर. चौथ्या महिन्यात पुन्हा तसेच. त्या वेळी गोळी दुप्पट करावी लागली. दोन दिवस ती संडासच्या दारातच असल्यासारखी होती, उठली की भोवळ येई, आणि सिस्टर फोनवर म्हणाल्या, “उतरलं नाही तर घेऊन या, दाखल करू.” उतरले. पण नवरा ‘दाखल’ हा शब्द ऐकत असताना तिने त्याचा चेहरा पाहिला होता. पांढराफटक.

आठ महिने झाले, चौथी खेप आली नाही. डॉक्टरांनी नव्या गोळ्या थोड्या थोड्या वाढवत नेल्या, तपासणीत हृदयाची ताकदही जराशी वाढलेली निघाली. बोळाच्या टोकाच्या खोलीत सिस्टरनी ती वही वर धरून इतर रोग्यांना दाखवली. “ही बघा वही. एक दिवस चुकलेला नाही. अशी ठेवायची.” मापाडी मान खाली घालून उभा होता, पण कान लाल झाले होते. घरी येताना तो तिच्यापुढे वीस पावले चालत होता आणि ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

थंडी आली. तिची भूक कमी झाली. दोन घास खाल्ले की म्हणे, “पोट भरलं.” तो म्हणे, “थोडं तरी खा.” ती म्हणे, “वजन वाढेल.” दोघेही हसत. हाताची बोटे बारीक झाली, अंगठी विणताना गळून पडू लागली तेव्हा तिने तिच्यावर दोरा गुंडाळला. गाल बसले. ती थंडीसाठी जाड लोकरी मोजे घालू लागली, स्वतःच विणलेले, गुडघ्यापर्यंतचे. सकाळी काट्यावर चढताना मोजेही तसेच ठेवी. त्याने ते मोजे वेगळे तोलले, एकशे तीस ग्रॅम भरले, आणि रोज तेवढे वजा करून लिहू लागला. इतका तो चोख.

आणि आकडा? बावन्न चारशे. बावन्न पाचशे. बावन्न चारशे. ओळीने आठवडे गेले. असा स्थिर आकडा त्याने बाजारातही कधी पाहिला नव्हता. रोज सकाळी दांडी शांत झाली की त्याच्या चेहऱ्यावर ऊन आल्यासारखे होई.

“सूज?” तो लेखणी हातात घेऊन विचारी.

“नाही,” ती म्हणे. आता ती वाकतही नव्हती.

‘नाही,’ तो लिही.

महिन्याची भेट आली तेव्हा ती म्हणाली, “बसमध्ये फार हाडं दुखतात हो. आकडा तर चांगला आहे. फोनवरच सांगा ना.” त्याने फोनवर वही वाचून दाखवली. सिस्टरनी ऐकून घेतले, म्हणाल्या, “छान. पुढच्या महिन्यात मात्र नक्की आणा.” पुढच्या महिन्यात रस्त्याचे काम निघाले होते, बस लांबून जात होती. पुन्हा फोनच झाला.

बाजारातला पारख्या आता त्याच्यासारखाच निवृत्त होता. आठवड्यातून एकदा दुपारी तो चहाला येई. त्याच्या जिभेला हाड नव्हते. त्या दिवशी दारातूनच ओरडला, “वहिनी, हा अजून काट्यापाशीच उभा आहे की तुम्ही याला बसायला सांगता?”

ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. पाय समोर स्टुलावर, पाठीशी दोन उशा. हल्ली ती तशीच बसल्याबसल्या डोळा लावी. आडवे झाले की खोकला येतो म्हणे. “या भावजी,” ती म्हणाली, आणि तेवढ्या दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबली.

पारख्याने चहा घेतला, बाजारातल्या दोघातिघांची टिंगल केली. मग कप खाली ठेवायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. तिच्या एका पायाचा मोजा घोट्याकडे घसरला होता. मोज्याच्या वरच्या काठाने जिथे पाय आवळला होता तिथे बोटभर खोल चर पडला होता. आणि त्या चराच्या वरचा पाय तकतकीत, ताणलेला होता.

तो काही बोलला नाही. हा माणूस बोलला नाही म्हणजे काहीतरी मोठे होते. तो उठला आणि मापाड्याला खांद्याला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला, काट्यापाशी.

“वहिनींचे पाय बघितलेस?”

“सूज नाहीये. रोज लिहितो मी. आकडा तर बघ...” त्याने वही पुढे केली.

“वही नको दाखवू. पाय बघितलेस का, ते विचारतोय.”

“ती सांगते ना.”

पारख्याने वही बाजूला सारली. “मापाड्या,” तो हळू म्हणाला, “तिचे हात बघ. काड्या झाल्यात. चेहरा बघ. पोतं आतून किड्यानं खाल्लं आणि बाहेरून ओल मुरली, तर वजन किती भरेल? तेवढंच भरेल. तुझा काटा खरं बोलतोय रे. पण ओल बघायला हात घालावा लागतो. तू आयुष्यात कधी घातला नाहीस.”

मापाडी पुढच्या खोलीत आला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. ती डोळे मिटून होती. पाठीमागचे हात पुढे आणायला त्याला वेळ लागला. त्याने मोजा खाली सरकवला, नडगीवर अंगठा ठेवला, दाबला, पाच मोजले, उचलला.

खड्डा पडला. भिजल्या मातीत पडावा तसा. तो भरून येईल म्हणून तो बघत राहिला. दहा मोजले. वीस मोजले. चाळीस. खड्डा तसाच होता.

तिने डोळे उघडले. त्याला खाली बसलेले पाहिले आणि तिला सगळे कळले. “मोजा वर करा,” ती म्हणाली. “गार लागतं.”

मापाड्याने मोजा वर केला, पारख्याने फोन लावला. सिस्टर एकच वाक्य बोलल्या, “थांबू नका, निघा.” तासाभरात ते इस्पितळात होते. तीच चौथी खेप.

अकरा दिवस ती तिथे होती. नळीतून औषध जात होते, पाणी निघत होते. सात दिवसांत नऊ किलो पाणी निघाले. आणि मग जी राहिली ती त्रेचाळीस किलोची होती. पांघरुणाखाली कोणी आहे की नाही कळू नये, एवढी. नऊ किलो तिने महिन्या-दोन महिन्यांत आपल्या अंगातून गमावले होते आणि त्या जागी तेवढेच पाणी येऊन बसले होते. डॉक्टर म्हणाले, “आधी आला असतात तर...” आणि पुढचे बोलले नाहीत. मूत्रपिंडेही थकली होती. औषध वाढवावे तर रक्तदाब पडत होता, कमी करावे तर श्वास अडकत होता.

मुलगी रजा टाकून आली होती. ती औषधे आणायला खाली गेली की मापाडी बायकोजवळ खुर्ची ओढून बसे. नवव्या दिवशी ती जरा बरी बोलत होती.

“का नाही बोललीस गं?” त्याने विचारले.

ती छताकडे बघत म्हणाली, “पाय जड झाले होते, कळत होतं मला. पण तुम्ही काट्यापाशी उभे राहून सांगायचात, तेवढेच आहे म्हणून. मी म्हटलं, काटा यांचा. अडतीस वर्षं चुकला नाही. मग माझ्या पायांचं काय खरं धरायचं? वयाने होत असेल.”

“अगं...”

“आणि खोटं कशाला बोलू? भीतीही वाटली. परत इथं आणाल म्हणून. मागच्या वेळी तुमचा चेहरा बघितला होता मी.” ती थांबली, श्वास गोळा केला. “आणि सकाळी आकडा बघून तुम्ही असे खूश व्हायचात. इतक्या वर्षांत तुम्हाला रोजच्या रोज खूश झालेलं मी कधी बघितलं होतं? म्हटलं, वहीत खाडाखोड कशाला.”

पांघरुणाखाली तिचा पाय होता, त्यावर त्याने हात ठेवला. आता तिथे सूज नव्हती. नुसते हाड लागत होते.

“आता ठेवताय हात,” ती म्हणाली. रागाने नाही. चेष्टेनेच. पण चेष्टा करण्याइतका श्वास तिच्यापाशी उरला नव्हता, म्हणून ती तशीच नुसती बोलल्यासारखी निघाली.

अकराव्या दिवशी दुपारी, मुलगी तिचे केस विंचरत असताना, ती गेली. मुलीला काही क्षण कळलेच नाही. ती विंचरतच राहिली.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. येणारा प्रत्येकजण म्हणे, “तुम्ही केलंत तेवढं कोण करतं हो? वही म्हणे सोन्यासारखी ठेवली होती.” मुलगीही तेच म्हणे. आलेल्या बायकांना सांगताना तिचा आवाज भरून येई, “बाबांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं आईला. एक दिवस चुकवला नाही. तरी गेली. नशीब.” मापाडी शेजारच्या खोलीतून ऐके आणि हात पाठीमागे घट्ट आवळी. पारख्या रोज येऊन बसे. त्याला सगळे ठाऊक होते. पण तो काही बोलला नाही. ज्याचे त्याने बोलावे, असे त्याला वाटत असावे.

महिन्याभराने मुलगी परत जायच्या आदल्या दिवशी सिस्टर घरी आल्या. गणवेशात नव्हत्या, त्यामुळे मापाड्याने आधी ओळखलेच नाही. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला, थोडे इकडचे तिकडचे बोलल्या आणि मग म्हणाल्या, “काका, एक मागायला आलेय. ती वही मला द्याल? आमच्याकडे नव्या मुली येतात शिकायला. घरच्या माणसांनी नोंद कशी ठेवावी ते दाखवायला याच्यासारखी वही नाही.”

“द्या ना बाबा,” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “आईचं काहीतरी चांगल्या कामाला येईल.”

मापाडी आत गेला. वही काट्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. ती घेऊन तो बराच वेळ तिथे उभा राहिला. द्यायची, आणि गप्प बसायचे, एवढेच होते. जिला खरे माहीत होते ती बोलायला उरली नव्हती, आणि पारख्या कधी बोलणार नव्हता. मुलीच्या मनात बाप आहे तसा राहिला असता.

तो बाहेर आला. वही उघडून त्याने सिस्टरसमोर टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. बोट थरथरत होते. तो थांबला. थरथर थांबेना, तेव्हा तसाच बोलला.

“हा पहिला रकाना खरा आहे. याची शपथ घेतो. हा दुसरा खोटा आहे. हा मी बघून लिहिला नाही. एकदाही नाही. पहिल्या दिवसापासून तिला विचारून लिहिला. ती ‘नाही’ म्हणाली, मी ‘नाही’ लिहिलं. मी हात लावून बघितलं असतं तर दीड-दोन महिने आधी कळलं असतं.”



सिस्टरनी वही आपल्याकडे ओढली. मग त्यांनी शेवटची पाने उलटली, पुन्हा पुन्हा उलटली. “दोन महिने मी फोनवरच ऐकलं,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. तो खणखणीतपणा कुठे गेला होता कोण जाणे. “आकडा जागचा हलत नाही, आणि जेवण किती जातंय हे मी एकदाही विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं, काका. माझं ते कामच होतं.” त्यांनी वही मिटली. “मला ही अजूनही हवी आहे. पण आता दाखवीन ती वेगळ्या कारणासाठी. तुमची हरकत नसेल तर.”

“न्या,” तो म्हणाला. “हेही सांगा. मापाड्यानं सांगितलं म्हणून सांगा.”

सिस्टर गेल्या. मुलगी जागची उठली नव्हती. तिने बापाकडे पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तिने विचारले, “एकदाही नाही?”

“नाही.”

“मी न्यायला आले होते तिला. तुम्ही म्हणालात, मी आहे.”

“म्हणालो.”

मुलगी उठली, स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचे आवाज आले, जरा जास्तच जोराचे. एक झाकण खाली पडले, ते बराच वेळ फिरत राहिले. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. बसावे की निघून जावे, आणि गेलो तर स्वतःच्याच घरातून कुठे जायचे, हे त्याला कळत नव्हते.

ती ताट घेऊन बाहेर आली आणि टेबलावर ठेवले. तिचे डोळे लाल होते.

“मला खूप रागवायचंय तुमच्यावर, बाबा,” ती म्हणाली. “किती दिवस पुरेल माहीत नाही. वर्षंही जातील. पण उद्या मी जाणार, आणि सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही. बसा.”

तो बसला. तिने समोरची खुर्ची ओढली आणि दुसरीकडे तोंड करून, पण तिथेच बसली. त्याने पहिला घास घेतला. मीठ पडले होते, सगळ्यांच्या घरी असते तेवढे. बायको गेल्यावरही महिनाभर तो अळणीच जेवत आला होता. वर्षभराने जिभेला लागलेले ते मीठ त्याला गिळवेना. तोंड दुसरीकडे असले तरी मुलगी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतेय हे त्याला कळत होते, म्हणून त्याने गिळले, आणि दुसरा घास हातात घेतला.